कपाळाचं नाक

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. लग्न होऊन भूमला आले त्या दिवशी मला सांगण्यात आलं, आत्या म्हणायचं, तेव्हापासून म्हणते. त्या मला खुशीत असल्या की ‘मास्तरीणबाई’ म्हणतात आणि नसल्या की नुसतं ‘मास्तरीण’. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं, हे शाळेला माहीत आहे आणि घरालाही. आत्यांचं डोकं माझ्याही आधी तापतं. आमच्या घरात माणसं कमी आणि आवाज जास्त, असं माझा नवरा म्हणतो, आणि म्हणून झालं की लगेच भट्टीकडे सटकतो.

भट्टी म्हणजे खव्याची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती सकाळ-संध्याकाळ पेटते. नवरा आता ती चालवतो आणि खवा पिकअपमध्ये घालून बाजाराला नेतो, पण तिच्यापुढं बसून उभा जन्म काढला तो आत्यांनी. लांब दांड्याचं उलथणं, उकळती कढई आणि समोर जाळ. जाळासमोरून उठल्या की म्हशींमागे उन्हात. सासरे लवकर गेले. ते गेले तेव्हा गावातल्या बायकांनी आत्यांच्या बांगड्या फोडल्या, जोडवी काढली आणि एकीनं नाकातल्या फुलीला हात घातला. आत्यांनी तो हात धरून बाजूला केला. म्हणाल्या, ‘ही माझ्या खव्याच्या पैशाची हाय, त्यांनी न्हवती केली.’ मी तिथंच उभी होते, नवी नवरी. ही बाई आपल्याला छळणार हे मला त्याच क्षणी कळलं आणि ती मला त्याच क्षणी आवडलीही.

फोड आला तो त्या फुलीशेजारीच. डाव्या नाकपुडीवर, मोहरीच्या दाण्याएवढा. खपली धरायची, पडायची, थेंबभर रक्त यायचं, पुन्हा खपली. फुली रुतली, एवढंच सगळ्यांनी ठरवलं. हळद झाली, लोणी झालं, मेडिकलमधून आणलेली ट्यूब झाली. मी फुली काढा म्हटलं की त्या माझ्याकडे त्या बायकांसारखंच बघायच्या, मग मी गप्प बसायची. असं वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. मग एका सकाळी त्या चहा पिताना उजेडात बसल्या होत्या आणि मला दिसलं की नाकपुडीची कड सरळ राहिलेली नाही. उंदरानं भाकरी कुरतडावी तशी ती आतून खाल्ली गेली होती. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, ‘ही जात शक्यतो लांब पसरत नाही, पण जिथं बसते तिथं खात जाते. आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढावं लागेल. म्हणजे नाकाची ही बाजू जाईल.’ मग त्यानं कागदावर चेहरा काढला आणि कपाळापासून नाकापर्यंत एक पट्टी काढून दाखवली. कपाळाची कातडी उभी सोडवायची, भुवईपाशी ती जोडलेलीच ठेवायची, उलटी वळवून खाली नाकावर आणून शिवायची. तीन आठवडे ती तशीच लोंबत राहणार, देठासारखी. त्या देठातून कपाळाचं रक्त नाकाला पुरत राहणार. नाकाला आपलं स्वतःचं रक्त मिळायला लागलं की देठ कापायचा.

‘आन् न्हाय मिळालं तर?’ आत्यांनी विचारलं.

‘तर ते काळं पडेल. मग दुसऱ्यांदा इतकं चांगलं कपाळ आपल्याकडे नसेल,’ डॉक्टर म्हणाला.

मग त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, तंबाखू, बिडी, गुटखा, पान? आत्या म्हणाल्या, ‘न्हाय ओ, आमच्यात कुनी तसलं करत न्हाय.’ डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी पण मान हलवली, अगदी छातीठोक. आमच्या शाळेच्या फाटकावर तंबाखूमुक्त शाळेचा फलक आहे, दर आठवड्याला मुलांकडून शपथ मीच म्हणवून घेते. त्या दिवशी घरून निघताना आत्यांची पिशवीही मीच भरली होती. त्यात दोन लुगडी, कंगवा, साबण आणि मिश्रीची डबी होती.

पहिल्या ऑपरेशनमध्ये खाल्लेला भाग काढला. कडा स्वच्छ आहेत असा रिपोर्ट येईपर्यंत नाकाच्या जागी नुसती पट्टी होती. ती बदलताना मी एकदाच पाहिलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. विज्ञान शिकवते म्हणून काही उपयोग नसतो. चेहऱ्याला बाजूनं दार असावं तसं ते दिसत होतं. आत्यांनी मात्र आरसा मागितला नाही. त्या दवाखान्याच्या खिडकीच्या काचेकडे पाठ करून बसायच्या.

रिपोर्ट चांगला आला आणि मग मोठं ऑपरेशन झालं. कानामागून कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, चकती काढून नाकपुडीला आधार दिला आणि वरून कपाळाची कातडी शिवली. शुद्धीवर आल्यावर त्या पहिलं काय बोलल्या असतील? ‘भट्टीला लाकडं आणली का?’

घरी सोडताना डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. देठावर काही घट्ट बांधायचं नाही, पदर ओढून दाबायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही. आणि मग त्यानं माझ्या बोटाला काम दिलं. हात स्वच्छ धुऊन नव्या नाकाचं टोक हलकं दाबायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की गुलाबी परत येतं. गुलाबी येतंय तोवर नाक जिवंत आहे. पांढरंच राहिलं किंवा जांभळं दिसलं तर लगेच फोन करायचा.

घरी आल्यावर आत्या मधल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. खव्याची गिऱ्हाईकं आली, शेजारणी आल्या, सगळ्यांना मी बाहेरूनच वाटेला लावलं. एकीला तर बघायचंच होतं. मी म्हटलं, ‘इथं तिकीट लागतं.’ ती परत आली नाही. शाळेत स्टाफरूममध्ये मला बघून लोक वाक्य अर्धं सोडायला लागले, कारण आपल्या बोलण्यात नाक किती वेळा येतं हे त्यांना त्याच दिवसांत कळलं असावं. माझा नवरा आईकडे बघायचा तो तिच्या पायांकडे. जेवणाचं ताट ठेवायचा, ‘बरं हाय का?’ विचारायचा आणि उत्तर यायच्या आत बाहेर. मी त्याच्यावर ओरडले तर म्हणाला, ‘तिला बी मी बघू नये असंच वाटतंय.’ ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला.

दाबून बघणं फक्त माझ्याकडे होतं. सकाळी शाळेत जाण्याआधी, दुपारी मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन, संध्याकाळी. आत्या डोळे मिटून बसायच्या आणि मी बोट टेकवायची. आधी गुलाबी पटकन यायचं. मग जरा सावकाश यायला लागलं. मी स्वतःची समजूत घातली, उजेड कमी असेल. दुसऱ्या दिवशी दारात, उन्हाच्या कवडशात बसवून पाहिलं. टोकाची कड जांभळट झाली होती, पिकून गळायला आलेल्या जांभळाएवढी नाही, पण त्याच वाटेवरची. दाबून सोडलं. पांढरं झालं ते बराच वेळ पांढरंच राहिलं.

‘काय दिसतंय?’ आत्यांनी डोळे न उघडता विचारलं.

‘काही नाही. बरंय,’ मी म्हटलं आणि फोन घेऊन अंगणात गेले.

डॉक्टरनं फोटो पाठवायला सांगितला. मग प्रश्नांवर प्रश्न. पट्टी घट्ट आहे का? नाही. कुशीवर झोपतात? नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपतात. ताप? नाही. पंख्याखाली गार वारा? नाही. मग तो म्हणाला, ‘सकाळी उठल्यापासून त्या काय काय करतात, मला क्रमानं सांगा. काहीतरी आपल्या नजरेतून सुटतंय.’

मी सांगायला लागले. ‘उठतात. चूळ भरतात. मिश्री लावतात. मग चहा…’

‘थांबा. काय लावतात?’

‘मिश्री. दाताला. दात घासायला.’

‘ती कशाची असते, बाई?’

‘काही नाही, ती आपली घरीच करतात. तंबाखू तव्यावर भाजून…’ मी म्हणाले आणि तिथंच थांबले.

त्या वेळी माझ्या कानशिलात जे काय वाजलं ते अजून आठवतं. आमच्या घरात, शेजारी, माहेरी, सगळीकडे बायका मिश्री लावतात. साबणाशेजारी तिची डबी असते. तिला कुणी तंबाखू म्हणत नाही, जसं तांदळाला कुणी गवत म्हणत नाही. आत्या सकाळी लावतात, जेवणानंतर लावतात, चहाआधी लावतात, राग आला की लावतात. आणि त्या दिवसांत त्यांना राग सतत येत होता.

‘तुम्ही शिक्षिका ना?’ डॉक्टर म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट. ‘तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आकसतात. ते नाक एका देठावर जगतंय आणि त्या रोज तो देठ आतून आवळतायत. आजपासून बंद. एकदाही नाही. आणि आत्ता निघा, इकडे या.’

मी आत गेले आणि मोरीतल्या कोनाड्यातली डबी उचलली. आत्या बघत होत्या. ‘डबी कुटं न्हेतीस?’

मी सांगितलं. त्या आधी हसल्या. खरंच हसल्या, टाके ओढले म्हणून कण्हत हसल्या. ‘म्या तंबाखू खाती व्हय? समदी थुकून टाकती की!’

पिकअपमध्ये बसून बार्शीमार्गे सोलापूरला जाताना त्या मध्ये बसल्या होत्या, नवरा गाडी चालवत होता आणि मी खिडकीशी. प्रत्येक खड्ड्याला माझा हात त्यांच्या कपाळापुढे जायचा आणि प्रत्येक वेळी त्या तो बाजूला सारायच्या. डॉक्टरनं दोन टाके सोडले, साकळलेलं काळं रक्त येऊ दिलं, नाकाला जरा मोकळं केलं. म्हणाला, ‘टोकाची कड कदाचित जाईल. बाकीचं वाचवणं आता माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.’ हे त्यानं आत्यांना सांगितलं, पण बघत माझ्याकडे होता.

मग जे दिवस सुरू झाले ते मला शत्रूलाही द्यायचे नाहीत. चाळीसएक वर्षांची सवय अशी एका सकाळी सुटते का? आत्यांचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, जेवण गोड लागायचं नाही. हात थरथरायचे. भिंतीला टेकून त्या मला शिव्या घालायच्या आणि मी शाळेचे पेपर तपासत दारात बसून त्या ऐकायची. मी घरभर झडती घेतली, परीक्षेत कॉपी पकडतात तशी. ज्वारीच्या कणगीत एक पुडी सापडली, उशीच्या खोळीत एक, आणि एक त्यांच्याच पदराच्या गाठीत. गाठ सोडताना त्यांनी माझ्या मनगटाला नखं लावली. मी हात सोडवला नाही. दोघीही मोठ्यानं श्वास टाकत होतो. सून सासूच्या पदराची गाठ जबरदस्तीनं सोडते आहे, हे कुणी पाहिलं असतं तर गावात माझं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात आला. आणि नाक गेलं तर सगळे मलाच विचारतील, हाही आला. काळजी कुठली आणि भीती कुठली हे त्या वेळी मला वेगळं करता आलं नाही.

कड रोज थोडी थोडी काळी होत होती. मी रोज बघत होते, काळं कुठवर आलं. कालच्यापेक्षा पुढं सरकलं की नाही हे ठरवताना माझं मन मलाच फसवायचं.

अशात त्यांची थोरली बहीण आली. तुळजापूरकडच्या गावात दिलेली, सगळ्यांची मावशी. अंगारा घेऊन, ओल्या डोळ्यांनी. मावशीला मी अडवू शकत नव्हते. पाणी दिलं, चहा टाकला. आतून मावशीच्या रडण्याचा आवाज आला आणि मग शांतता. ही शांतता मला ओळखीची होती. आमच्याकडे दोन बायका भेटल्या, डोळे पुसून झाले की एकीनं डबी काढायची, झाकण उघडून दुसरीपुढे धरायची. त्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. डबी पुढे न करणं म्हणजे पाहुणीला पाणी न विचारण्यासारखं.

मी चहा तसाच सोडून आत गेले. मावशीची पितळी डबी उघडी होती आणि आत्यांची चिमूट भरलेली होती, तोंडापासून वीतभर लांब. मावशी म्हणत होती, ‘लाव गं, एवढ्यानं काय हुतंय. औषीदानं न्हाय, देवीच्या मनात असंल तर बरं हुतंय. तुला तवाच म्हनलं व्हतं, मालक गेल्यावर फुली ठिवू नगं. तिनं बरूबर तितंच धरलं बग.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत्यांचं मनगट धरून चिमूट झटकली, मावशीच्या हातातली डबी घेतली आणि मोरीत उपडी केली. वर तांब्याभर पाणी ओतलं. मावशीच्या वयाकडे, नात्याकडे, कशाकडेच पाहिलं नाही. आणि तोंडानं जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यात एवढं होतं की देवीला एवढा वेळ नाही की ती बायकांच्या फुल्या मोजत बसेल.

मावशी उठली. चहा न घेता, पिशवी उचलून, चपला घालून सरळ बाहेर. माझा नवरा मागं धावला, पण ती थांबली नाही.

‘माझी भन माझ्या दारातनं तशीच गेली,’ आत्या म्हणाल्या. आधी हळू म्हणाल्या, मग ओरडल्या. ‘तशीच गेली! तू कोन गं? तुज्या बापाचं घर हाय व्हय?’ ओरडताना टाक्यांतून रक्ताची बारीक रेघ आली. ‘नगंच मला हे. नगं ते नाक आन् नगं तुजी चौकीदारी. आत्ता उपटून टाकती.’ आणि त्यांचा हात खरंच वर गेला. दोन बोटांत त्यांनी तो देठ धरला, भुवईपाशी.

मी चार पावलांवर होते. पोचले नसते. विनवायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते वर्गातलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारं.

‘हात खाली!’

आणि आत्यांनी हात खाली घेतला. आठवीच्या पोरासारखा, झटकन, मांडीवर. मग त्यांना स्वतःलाच समजेना की आपण असं का केलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्यासमोर खालीच बसले. ‘आगं बया,’ त्या पुटपुटल्या, ‘माजी बी मास्तरीण झालीस व्हय आता.’ आणि रडायला लागल्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या पहिल्यांदा रडत होत्या. मीही रडले. कापूस घेऊन मी रक्त टिपत होते आणि माझंच नाक वाहत होतं.

ते थांबल्यावर मी भिंतीवरचा आरसा काढून आणला. त्यांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, ‘आत्या, मी एकटीनं बघून बघून थकले. आता तुम्ही बघा.’ त्यांनी बराच वेळ घेतला. मग आधी गळा बघितला, हनुवटी बघितली, आणि मग वर. कपाळावरची उघडी लाल जखम, तिथून निघालेला तो जाड, गुंडाळलेला देठ, डोळ्याच्या कोपऱ्यावरून खाली येऊन नाकाला चिकटलेला. आरसा धरलेला त्यांचा हात खाली आला नाही.

‘हे काळं?’

‘ते गेलं. ते आता परत येत नाही.’

‘आन् ह्ये?’

मी हात धुऊन आले आणि काळ्या कडेच्या वर बोट टेकवलं. पांढरं झालं. आम्ही दोघी आरशात बघत राहिलो. काहीच होईना. मग कडेकडेनं, आळसटल्यासारखा, रंग परत आला.

‘जित्तं हाय व्हय गं ह्ये?’ त्या म्हणाल्या.

‘आहे. पण उपाशी आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाथरूममधली टूथपेस्ट बोटावर घेतली, तोंडात घातली आणि ‘पोरांचा खाऊ हाय ह्यो’ म्हणून थुंकून टाकली. मग मिठानं दात घासले. डोकं दुखतच राहिलं, शिव्याही चालूच राहिल्या, पण आता दुपारी मी घरी यायच्या आत त्या उजेडाला आरसा घेऊन बसलेल्या असायच्या. नवऱ्यालाही एकदा बोलावलं आणि म्हणाल्या, ‘बग हिकडं. आईचं त्वांड हाय, वाघाचं न्हाय.’ त्यानं पाहिलं. मग भट्टीवर जाऊन बराच वेळ बसला. मावशीला मी फोन केला, माफी मागितली. ती म्हणाली, ‘तुला माफ केलं, पर डबी पितळंची व्हती.’ डबी अजून आमच्याकडेच आहे आणि ती न्यायला मावशी अजून आलेली नाही.

काळं तिथंच थांबलं. वाळलं, कडक झालं आणि एके दिवशी पट्टीबरोबर निघून आलं. नाकपुडीच्या कडेला नखाएवढी खाच राहिली.

देठ कापायच्या दिवशी डॉक्टरनं आधी सांगितलं, देठाला चिमटा लावून बघतो. चिमट्यानंही नाक गुलाबी राहिलं तरच कापतो. आत्या स्वतःच्या पायांनी आत गेल्या, जागेवरच भूल देऊन करणार होते. मी बाहेर बाकावर बसले. आतून एकदा कात्री ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. माझा नवरा पाण्याची बाटली उघडायचा आणि बंद करायचा, शेवटी मी ती त्याच्या हातातून घेतली. मला वाटत होतं, आता कुणीतरी बाहेर येऊन म्हणेल, चिमटा लावला आणि पांढरं पडलं.

आत्याच बाहेर आल्या. भुवईपाशी छोटी पट्टी आणि मध्ये मोकळी जागा, जिथं तीन आठवडे तो देठ होता. डोळे दोन्ही पूर्ण दिसत होते, ते मला नवंच वाटलं. नाक जाडसर होतं, शिवण दिसत होती, एका बाजूला खाच. पण नाक होतं. डॉक्टर म्हणाला, चांगलं आहे, जाडी पुढे कमी करू, भूल उतरेपर्यंत बसा आणि मग घरी जा.

आम्ही दवाखान्याच्या ओसरीतल्या बाकावर बसलो. नवरा औषधं आणायला गेला. बसून बराच वेळ झाला होता, कपाळ ठणकायला लागलं असं त्या म्हणाल्या, म्हणजे भूल उतरली होती. तेवढ्यात एक माशी आली आणि आत्यांच्या नाकावर बसली. देठ होता तेव्हा नाकावर माशी बसली की त्यांना कपाळाला खाज यायची. त्या कपाळाकडे हात न्यायच्या आणि मी नाकावरची माशी हाकलायची. डॉक्टर म्हणाला होता, कातडी आपल्या जाणिवेच्या नसाही घेऊन आलीय, तिला अजून आपण कपाळच आहोत असं वाटतंय. आज माशी नाकावरून चालत टोकापर्यंत गेली आणि आत्या समोर बघत निवांत बसून होत्या.

मी ती हाकलली.

‘काय झालं?’

‘माशी होती.’

त्यांचा चेहरा उतरला. त्या कपाळ चाचपू लागल्या, मग हात नाकाजवळ नेऊन थांबल्या. ‘मला कुटंच कळलं न्हाय. ना हितं, ना तितं.’ आवाज बारीक झाला होता. ‘मेलं का गं ते? कापल्याबरूबर मेलं?’

मी उठले, नळावर जाऊन हात धुतले, कोरडे केले. त्यांच्यासमोर वाकून बोट टेकवलं. पांढरं झालं. मग बोट उचलायचा अवकाश, चारी बाजूंनी गुलाबी धावत आलं, पहिल्या दिवशीसुद्धा आलं नव्हतं इतकं पटकन.

‘जिवंत आहे, आत्या. चांगलं जिवंत आहे.’

‘पर मला कळत न्हाय.’

‘जाणिवेच्या नसा तुटल्यात आता. हळूहळू कळायला लागेल. वेळ लागतो म्हणालेत.’

‘किती?’

‘काही महिने. वर्षही लागेल.’

समोरून माणसं जात होती, त्यातली काही वळून बघत होती, आणि त्यांनी पदर पुढं ओढला नाही.

‘तवर तुला कळतंय न्हवं?’ त्या म्हणाल्या. ‘मग बास.’ आणि नवरा दिसल्याबरोबर त्याच्यावर ओरडल्या, की संध्याकाळचं दूध यायची वेळ झाली आणि तू अजून हितंच.